झिजलेली टोकं आणि एक जुनं हार्मोन

डॅनॅझॉल हे काही नवं औषध नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ ते एंडोमेट्रिओसिससाठी, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारासाठी, वर्षानुवर्षं देत आले, रक्तविकारांचे डॉक्टर प्लेटलेट कमी असणाऱ्यांना देतात, आणि आपल्याकडच्या मेडिकलमध्ये त्याच्या कॅप्सूल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या रेणूत फेरफार करून ते बनवलेलं आहे. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली तीच १९७० च्या दशकात. अशा जुन्या औषधाबद्दल २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक अहवाल आला. दोन वर्षं हे औषध घेतलेल्या रुग्णांच्या रक्तपेशींमध्ये गुणसूत्रांची झिजलेली टोकं पुन्हा लांब झाल्याचं त्यात म्हटलं होतं.

गुणसूत्रांची टोकं झिजणं ही पेशी म्हातारी होण्याची एक ठळक खूण मानली जाते. त्यामुळे ‘वय मागे फिरवणारं औषध सापडलं’ असे मथळे लगोलग झळकले. मला त्या मथळ्यांचं वाईट वाटतं, कारण ही गोष्ट खरी ज्यांची आहे ती माणसं त्यांत कुठेच दिसत नाहीत. ज्यांच्या पेशींची टोकं जन्मापासूनच तोकडी असतात, ज्यांचं रक्त विशी-तिशीत बनायचं थांबतं आणि पन्नाशीच्या आत फुप्फुसं कडक होतात, अशा कुटुंबांसाठी हे संशोधन आहे. ते नीट समजून घेतलं, तर आपल्यासारख्या धडधाकट माणसाने डॅनॅझॉलच्या वाटेला का जाऊ नये, हेही आपोआप कळतं.

पेशी किती वेळा दुभंगते?

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात शास्त्रज्ञांची अशी ठाम समजूत होती की शरीराबाहेर काढून नीट वाढवली, तर पेशी कायमची वाढत राहते. या समजुतीमागे अलेक्सिस कॅरेल या नोबेल मिळालेल्या शल्यविशारदाचं वजन होतं. कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातून घेतलेल्या पेशी त्याने १९१२ पासून न्यूयॉर्कमध्ये वाढवत ठेवल्या होत्या आणि त्या कित्येक दशकं ‘जिवंत’ राहिल्या. म्हातारं होतं ते शरीर, पेशी नव्हे, असा त्याचा अर्थ लावला गेला.

फिलाडेल्फियातल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांना मात्र वेगळंच दिसत होतं. माणसाच्या गर्भातल्या पेशी बशीत वाढवल्या की साधारण पन्नास वेळा दुप्पट होऊन त्या थांबायच्या. मरत नव्हत्या, पण दुभंगतही नव्हत्या. खतपाण्यात काही खोट असेल, एखाद्या विषाणूची लागण झाली असेल, अशा सगळ्या शंका होत्याच. त्या दूर करण्यासाठी त्यांनी केलेला प्रयोग मला आजही फार सुंदर वाटतो. पुरुषाच्या, चाळीस वेळा दुप्पट होऊन वयस्क झालेल्या पेशी आणि जेमतेम दहा वेळा दुप्पट झालेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच भांड्यात वाढवल्या. शेजारी नुसत्या पुरुषी पेशींचं एक भांडं ठेवलं. त्या शेजारच्या भांड्यातली वाढ थांबली, तेव्हा मिश्र भांड्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवरून कोणती पेशी कोणाची हे कळत होतं. भांड्यात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. अन्न तेच, भांडं तेच, हवा तीच, तरी म्हाताऱ्या पेशी थांबल्या आणि तरुण चालू राहिल्या. याचा अर्थ, आपण किती वेळा दुभंगलो याची नोंद पेशीच्या आतच कुठेतरी होत होती. १९६१ साली हे निष्कर्ष छापून आले. कॅरेलच्या पेशींबद्दल नंतर असं मानलं गेलं की त्यांना खाऊ म्हणून घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या अर्कातून ताज्या पेशी भांड्यात पोचत असाव्यात.

ही नोंद कुठे होते, याचं उत्तर सुचलं ते मॉस्कोत. १९६६ साली अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह या तरुण शास्त्रज्ञाने हेफ्लिकच्या कामावरचं एक व्याख्यान ऐकलं आणि तो विचार करत मेट्रोच्या स्टेशनात आला. गाडी येऊन थांबली आणि त्याच्या मनात आलं, की रूळ म्हणजे डीएनए आणि त्यावरून धावत त्याची नक्कल काढणारी गाडी म्हणजे पेशीतलं एन्झाइम. तर सुरुवातीला जो तुकडा गाडीच्याच खाली दबलेला आहे, त्याची नक्कल कशी निघणार? दर वेळी पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल निघते आणि दर वेळी टोकाचा एवढासा तुकडा राहून जातो. १९७१ साली त्याने हा तर्क रशियन भाषेत मांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जेम्स वॉटसन यांनीही नकलेतल्या याच अडचणीवर बोट ठेवलं.

टोकाला मोलाची जनुकं असती तर आपण केव्हाच संपलो असतो. पण तिथे एकच शब्द हजारो वेळा लिहिलेला असतो. माणसात तो शब्द टी-टी-ए-जी-जी-जी असा सहा अक्षरांचा. या पुनरुक्तीच्या पट्ट्याला टेलोमियर म्हणतात. जन्मावेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये त्याची लांबी साधारण दहा हजार अक्षरं असते आणि वयासोबत ती घटत जाते. पट्टा फारच तोकडा झाला की पेशीला ते टोक तुटलेल्या डीएनएसारखं दिसू लागतं. मग पेशीतली धोक्याची यंत्रणा जागी होते आणि पेशी एक तर कायमची थांबते किंवा स्वतःला संपवते. अशा थांबलेल्या पेशी गप्पही बसत नाहीत. त्या आजूबाजूला सूज वाढवणारे पदार्थ सोडत राहतात.

झीज भरून काढणारं एन्झाइम

शरीरातल्या सगळ्याच पेशींची अशी झीज झाली असती, तर पुढची पिढी आधीच झिजलेली टोकं घेऊन जन्माला आली असती. तसं होत नाही, म्हणजे ही झीज भरून काढणारं काहीतरी असणारच. ते सापडलं एका तळ्यातल्या एकपेशीय जिवात. टेट्राहायमेना नावाच्या या जिवात गुणसूत्रांचे हजारो छोटे तुकडे असतात, म्हणजे अभ्यासायला टोकंच टोकं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी जोसेफ गॉल यांच्यासोबत १९७८ साली त्याच्या टोकांचा मजकूर वाचला. पुढे बर्कलीत त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या कॅरोल ग्रायडर या विद्यार्थिनीला १९८४ च्या नाताळच्या दिवशी, प्रयोगशाळेत एक फिल्म पाहताना, टोकाला सहा-सहा अक्षरं जोडली जात असल्याची पट्ट्यापट्ट्यांची खूण दिसली. त्या एन्झाइमला पुढे टेलोमरेज हे नाव मिळालं. २००९ चं वैद्यकाचं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक या तिघांना यासाठीच दिलं गेलं.

टेलोमरेजचे दोन मुख्य भाग लक्षात ठेवले तर पुढचं सोपं जाईल. टर्क नावाचा आरएनएचा तुकडा हा सहा अक्षरांचा नमुना पुरवतो आणि टर्ट नावाचं प्रथिन त्या नमुन्यावरून अक्षरं जोडतं. आपल्या बहुतेक पेशींत टर्टचं जनुक बंद ठेवलेलं असतं. गर्भात, शुक्रजंतू बनवणाऱ्या पेशींत, आणि थोड्या प्रमाणात अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, रक्त बनवणाऱ्या मूळपेशींत व संसर्गाशी लढायला निघालेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत ते चालू असतं. १९९८ साली प्रयोगशाळेत माणसाच्या साध्या पेशींमध्ये टर्टचं चालू जनुक घातलं, तेव्हा त्या हेफ्लिकची मर्यादा ओलांडून दुभंगतच राहिल्या.

मग शरीराने ते बंद का ठेवलं? कारण कॅन्सर. पेशीची वाढ बेलगाम झाली तरी टोकं झिजल्यावर ती कधीतरी थांबते, ही आपल्याला मिळालेली एक मोठी राखण आहे. कॅन्सरला ही राखण मोडावीच लागते आणि दहातल्या साधारण नऊ प्रकारच्या गाठींत टेलोमरेज पुन्हा चालू झालेलं सापडतं. २०१३ साली मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये टर्ट जनुकाच्या स्विचमध्येच झालेले बदल सापडले. २०२३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने जन्मतः फार लांब टेलोमियर असलेली कुटुंबं अभ्यासली. वरवर पाहता ही माणसं भाग्यवान वाटावीत, पण त्यांच्यात साध्या आणि कॅन्सरच्याही गाठी जास्त आढळल्या, आणि रक्तात एकाच मूळपेशीच्या वंशाचा पसारा वाढलेला दिसला. ‘लांब म्हणजे चांगलं’ हे इतकं सरळ नाही.

तोकड्या टोकांची घराणी

आता दुसरं टोक पाहू. टर्ट किंवा टर्कच्या जनुकात दोष असेल तर काय होतं? आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. अनेक जनुकांचं एका चांगल्या प्रतीवर भागतं, टेलोमरेजचं भागत नाही. निम्मं एन्झाइम अपुरं पडतं आणि टोकं वेगाने झिजतात. याचा पहिला फटका बसतो तो जिथे पेशी सतत बनत असतात तिथे, म्हणजे अस्थिमज्जेला. तिथल्या मूळपेशी संपत जातात आणि हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट अशा तिन्ही घसरतात. याला ॲप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. सगळा ॲप्लास्टिक ॲनिमिया टेलोमियरमुळे होत नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. बहुतेकांत रोगप्रतिकार यंत्रणाच मूळपेशींवर हल्ला करते. पण ज्या थोड्यांत टेलोमियर हे कारण असतं, त्यांच्यासाठी सगळा उपचारच बदलतो.

या आजाराचं सर्वांत ठळक रूप म्हणजे डिस्केराटोसिस कंजेनिटा. लहानपणी हातापायांची नखं खडबडीत होऊन झडतात, मानेवर जाळीसारखे काळपट डाग येतात, तोंडात पांढरे चट्टे दिसतात आणि पुढे रक्त घसरतं. नखं-चट्टे असले तर जाणकार डॉक्टर लगेच ओळखतो. अडचण होते ती सौम्य रूपांत. घरातल्या आजोबांना ‘फुप्फुसं कडक झाली’ म्हणून ऑक्सिजन लावला होता, त्यांच्या मुलीला दारूचा थेंबही न घेता लिव्हर सिरोसिस झाला आणि नातवाच्या प्लेटलेट विशीत वीस हजारांवर आल्या. तीन डॉक्टर, तीन वेगळे आजार, तीन फायली. प्रत्यक्षात तो एकच आजार असू शकतो. तोकडी टोकंही वारशाने पुढे जातात, त्यामुळे पिढीगणिक आजार आधीच्या वयात आणि जास्त जोराने येतो. अशा घरांत केस विशीतच पांढरे होण्याची खूणही सापडते. वरवर क्षुल्लक वाटणारा ‘तुमच्याकडे केस लवकर पिकतात का?’ हा प्रश्न रक्ताच्या डॉक्टरने विचारणं म्हणूनच मला मोलाचं वाटतं.

निदान का महत्त्वाचं, याची दोन ठोस कारणं आहेत. पहिलं, नेहमीच्या ॲप्लास्टिक ॲनिमियात प्रतिकार यंत्रणा दाबणारी एटीजी नावाची सलाईन देतात. ती बनते घोड्याच्या किंवा सशाच्या प्रतिपिंडांपासून, आणि तिचा खर्च काही लाखांत जातो. टेलोमियरच्या आजारात हल्ला नसतोच, त्यामुळे या औषधाचा फारसा उपयोग होत नाही आणि कुटुंबाचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात. दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायचं ठरलं की दाता म्हणून आधी सख्खा भाऊ किंवा बहीण शोधतात. तो भाऊ वरून ठणठणीत दिसत असला तरी तोच जनुकदोष घेऊन बसलेला असू शकतो. त्याच्याकडून घेतलेल्या मूळपेशीही झिजलेल्याच असणार. त्यामुळे दात्याची टेलोमियर आणि जनुकं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि प्रत्यारोपणाआधीची केमोथेरपीही बेताचीच ठेवावी लागते, कारण या रुग्णांची फुप्फुसं आणि लिव्हर नेहमीची मात्रा सोसत नाहीत.

हार्मोनची चावी

पुरुषी हार्मोन रक्ताच्या आजारात कामाला येतं, हे डॉक्टरांना टेलोमियरच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. १९५९ साली बॉस्टनमध्ये नसरोल्ला शाहिदी आणि लुई डायमंड यांनी ॲप्लास्टिक ॲनिमिया झालेल्या मुलांना टेस्टोस्टेरॉन दिलं आणि काहींचं रक्त सुधारलं. त्या काळात या मुलांसाठी दुसरा इलाज जवळपास नव्हताच. हार्मोनमुळे मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन जास्त सुटतं आणि त्यामुळे तांबड्या पेशी वाढतात, असं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. नुसत्या एरिथ्रोपोएटिनने प्लेटलेट का सुधाराव्यात? पुढे एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकार यंत्रणा दाबणारी औषधं आली आणि पाश्चात्त्य देशांत पुरुषी हार्मोन मागे पडलं. आपल्याकडे ते तेवढं मागे पडलं नाही. लाखांची औषधं परवडत नाहीत, तेव्हा स्टॅनोझोलॉल किंवा डॅनॅझॉल लिहून देणं हा भारतातल्या अनेक सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांचा नाइलाज होता. काही रुग्ण त्याने सुधारतातही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांच्या त्या अनुभवाला पुढे प्रयोगशाळेतून कारण मिळालं, याचा मला खरंच आनंद वाटतो.

ते कारण मिळालं २००९ मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये नील यंग यांच्या गटात काम करणारे ब्राझीलचे डॉक्टर रॉड्रिगो कलाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तपेशी काचेत वाढवल्या आणि त्यांत पुरुषी हार्मोन घातलं. पेशींतलं टेलोमरेज वाढलं. मग त्यांनी यामागचा मार्ग शोधला, आणि तो अनपेक्षित निघाला. पेशीत ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर एस्ट्रॅडायोलमध्ये, म्हणजे स्त्री-हार्मोनमध्ये करतं. हे एस्ट्रॅडायोल आपल्या ग्राहकाला, म्हणजे त्याला ओळखून पकडणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, चिकटून पेशीकेंद्रात जातं आणि टर्ट जनुकाच्या स्विचपाशी बसतं. स्विच चालू होतो, टर्ट जास्त बनतं, टेलोमरेज वाढतं.

हे नुसतं अनुमान नाही याची खात्री त्यांनी मार्ग अडवून केली. स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरलं जाणारं लेट्रोझोल हे औषध ॲरोमाटेजला थांबवतं. ते घातल्यावर पुरुषी हार्मोनचा परिणाम नाहीसा झाला. एस्ट्रॅडायोलच्या ग्राहकाला अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधानेही तेच झालं. आणि थेट एस्ट्रॅडायोल घातलं, तर टेलोमरेज तसंच वाढलं. टर्टची एक प्रत बिघडलेल्या रुग्णांच्या पेशींतही हा प्रयोग केला, तेव्हा त्यांचं निम्म्यावर आलेलं टेलोमरेज सर्वसाधारण पातळीवर पोचलं. उरलेली चांगली प्रत दुप्पट राबायला लागली होती. बिघडलेली प्रत दुरुस्त न करताही काम भागवता येतं, ही शक्यता त्यातून समोर आली. डॅनॅझॉलचा रेणू मात्र बराच बदललेला आहे आणि ते अगदी याच वाटेने जातं की आणखी कुठल्या, यावर संशोधकांत आजही चर्चा चालू आहे.

सत्तावीस माणसं

आता २०१६ च्या त्या अहवालाकडे वळू. मेरीलँड राज्यात बेथेस्डा इथे, नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्याच रुग्णालयात, तोकडी टेलोमियर आणि घसरलेलं रक्त किंवा कडक होत चाललेली फुप्फुसं अशा २७ जणांना रोज ८०० मिलिग्रॅम डॅनॅझॉल देण्यात आलं. चाचणी दोन वर्षांची होती. संशोधकांनी सुरुवातीला ठेवलेली अपेक्षा किती माफक होती, ते पाहण्यासारखं आहे. या रुग्णांची टोकं दर वर्षी सुमारे १२० अक्षरांनी झिजतात असं त्यांनी धरलं होतं आणि ही झीज पाचव्या हिश्श्याने कमी झाली तरी औषध यशस्वी मानायचं ठरलं होतं. टोकं वाढतील असं कोणी गृहीत धरलेलं नव्हतं.

दोन वर्षं पूर्ण करून तपासणीला आलेल्या १२ जणांपैकी ११ जणांची टेलोमियर सुरुवातीपेक्षा लांब झालेली होती, सरासरी ३८६ अक्षरांनी. ठरलेलं उद्दिष्ट या बाराही जणांत गाठलं गेल्यामुळे चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. रक्ताचं म्हणाल, तर तीन महिन्यांनी तपासलेल्या २४ जणांपैकी १९ जणांचं रक्त सुधारलेलं होतं. रक्त चढवून घेण्यासाठी ठरावीक दिवसांनी रुग्णालयात जाऊन बसणाऱ्या माणसाला त्या फेऱ्यांतून सुटका मिळणं म्हणजे काय, हे ज्या घरांनी ते सोसलं आहे त्यांनाच कळेल. त्यांच्या दृष्टीने ३८६ अक्षरं नंतर येतात, हिमोग्लोबिन आधी येतं.

आता ताळेबंदाची दुसरी बाजू. २७ जणांत सुरुवात केली आणि दोन वर्षांचा निकाल १२ जणांचाच हाती आला. सगळ्यांना औषधच दिलं होतं. तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट नव्हता. लिव्हरची एन्झाइम वाढणं आणि स्नायूंत पेटके येणं हे त्रास बऱ्याच जणांना झाले, जरी ते फार तीव्र नव्हते. दोन वर्षांनी मोजलेल्या पांढऱ्या पेशी कोणत्या प्रकारच्या किती आहेत, यावरही सरासरी लांबी थोडी हलू शकते.

आणि २०१८ मध्ये त्याच देशातल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या गटाने वेगळाच निकाल मांडला. डिस्केराटोसिस कंजेनिटाच्या रुग्णांत पुरुषी हार्मोन घेणारे आणि न घेणारे यांची टोकं त्यांना सारख्याच वेगाने झिजताना दिसली. मोजण्याची पद्धत वेगळी होती, रुग्णांचं वयही वेगळं होतं. दुसरीकडे कलाडो ब्राझीलमधल्या रिबेराओ प्रेतोला परतले आणि तिथे नँड्रोलोन या दुसऱ्या पुरुषी हार्मोनच्या इंजेक्शनवर त्यांच्या गटाने केलेल्या चाचणीत टोकं लांब झाल्याचं आढळलं. जर्मनीतल्या डॉक्टरांनीही डॅनॅझॉलचे अनुकूल अनुभव नोंदवले. माझं मत विचाराल तर, रक्त सुधारतं याबद्दलचा पुरावा भक्कम आहे. टोकं लांब होतात याबद्दलचा आश्वासक आहे, पण त्या एका गोष्टीवरच सगळा उपचार बेतावा इतका पक्का नाही.

तणावाचं हार्मोन कॉर्टिसॉल याच्या उलट दिशेने काम करतं, असं दिसतं. काचेतल्या टी-लिम्फोसाइट पेशींवर कॉर्टिसॉल घातलं की त्यांचं टेलोमरेज घटतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. त्याआधी २००४ साली ब्लॅकबर्न आणि मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांनी ५८ मातांचा अभ्यास केला होता. त्यांतल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या होत्या. हा भार जितकी जास्त वर्षं उचलला आणि मनावरचा ताण जितका जास्त, तितकी टेलोमियर तोकडी दिसली. अभ्यास छोटा होता आणि त्यावरून कोणाच्या आयुष्याची वर्षं मोजता येत नाहीत. पण घरातली जी बाई आजारी मुलाचं सगळं करते तिच्याकडेही लक्ष द्यायला हवं, हे सांगायला खरं तर टेलोमियरची गरजच पडू नये.

मग आपण घ्यावं का?

नाही. हे इतक्या स्पष्टपणे लिहिण्याचं कारण, ‘टेलोमियर वाढवणारी’ म्हणून पूरक गोळ्या आणि ‘तुमचं खरं वय सांगणाऱ्या’ टेलोमियर तपासण्या आता घरबसल्या विकल्या जातात. लांबीच्या सर्वसाधारण कक्षेत असलेल्या माणसाला त्या आकड्यातून काहीच उपयोगाचं कळत नाही. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत काही हजार अक्षरांचा फरक सहज असतो. वैद्यकीय निदानासाठी जी तपासणी वापरतात ती फ्लो-फिश नावाची आहे. तिच्यात पेशींच्या टोकांना चमकणारे खूणतुकडे चिकटवून एकेका प्रकारच्या पेशीतली चमक मोजतात आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून पाहतात. शंभरातल्या सर्वांत तोकड्या एकाच्याही खाली आकडा आला, तर शंका बळकट होते आणि मग जनुकं तपासतात.

डॅनॅझॉलच्या दुष्परिणामांची यादी स्त्रियांसाठी विशेष कठीण आहे. आवाज घोगरा होतो आणि तो औषध थांबवल्यावरही पूर्ववत होईलच असं नाही. चेहऱ्यावर केस येतात, पाळी थांबते. गरोदरपणात हे औषध चालत नाही, कारण पोटातल्या मुलीच्या जननेंद्रियांची घडण त्याने बिघडते. स्त्री-पुरुष दोघांतही चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, लिव्हरवर ताण येतो, दीर्घकाळ घेतल्यास लिव्हरमध्ये गाठी होण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आणि टेलोमरेजला सरसकट उठवणं म्हणजे कॅन्सरविरुद्धची ती राखण ढिली करणं. ज्याचं रक्तच बनत नाही त्याच्यासाठी हा धोका पत्करण्याजोगा असतो, सुरकुत्यांची चिंता असलेल्यासाठी नाही. टेलोमरेज दाबणं हासुद्धा एक इलाज आहे, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. टेलोमरेजला अडवणाऱ्या इमेटेलस्टॅट या औषधाला जून २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, तीही अस्थिमज्जेच्याच एका आजारासाठी. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोममध्ये बिघडलेल्या पेशींचा वंश वाढत जातो, तो रोखायला हे औषध वापरतात. एकाच एन्झाइमला एका रुग्णात उठवायचं आणि दुसऱ्यात झोपवायचं, इतकं हे निदानावर अवलंबून आहे.

आपल्या भागातल्या कुटुंबांसाठी एक सांगण्यासारखं. ॲप्लास्टिक ॲनिमियाचं निदान झालं आणि रुग्ण तरुण असेल, घरात कोणाला फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसं कडक होण्याचा आजार), कारण न सापडलेला सिरोसिस, रक्ताचा आजार किंवा फार लवकर पिकलेले केस असतील, तर हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा. आजोबांच्या जुन्या फायली, एक्स-रे, मृत्यूचं कारण, जे असेल ते सोबत न्या. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था वंशपरंपरेने येणाऱ्या अस्थिमज्जेच्या आजारांवर वर्षानुवर्षं काम करते आहे; अशा ठिकाणी कोणती तपासणी करून घ्यावी, हे तुमचे रक्तविकारतज्ज्ञ सांगू शकतात. भाऊ किंवा बहीण दाता होणार असेल, तर त्यांचीही तपासणी व्हावी, हा आग्रह धरा. डॅनॅझॉल सुरू झालं तर लिव्हरची रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी ठरल्या वेळी करून घ्या, चुकवू नका. औषध मनाने वाढवू किंवा एकदम बंद करू नका.

रोजचे ८०० मिलिग्रॅम ही मात्रा अनेकांना, विशेषतः तरुण मुलींना, सोसवत नाही. म्हणून बेथेस्डाच्याच संस्थेने पुढे आणखी एक चाचणी हाती घेतली. तिच्यात तोकड्या टेलोमियरच्या रुग्णांना आधीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी मात्रेत डॅनॅझॉल देऊन, तेवढ्याने रक्त सावरतं का, हे पाहायचं ठरलं.